दोन टोकांचा बाण

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तंजावूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पहाऱ्याच्या संगणकाने परीक्षा विभागातल्या एका संगणकाविरुद्ध सात इशारे दिले. त्या संगणकावर मल्लिका नावाच्या लिपिक बसत. त्याच दिवशी दुपारी चार वाजता, चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. नव्या शतकाचे ते दुसरे वर्ष होते.

इशारा ज्या नियमामुळे वाजला, तो नियम लावणाऱ्या गृहस्थांविषयी हे टिपण आहे.

ते महाविद्यालयाच्या संगणक केंद्राचे प्रमुख होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना दरवर्षी मुदतवाढ देऊन ठेवले जात होते. त्यांना सगळे ‘सार’ म्हणत, म्हणजे तिथल्या उच्चारात ‘सर’. तिथे सगळ्यांनाच सगळे सार म्हणतात. पण नुसते सार म्हटले की ते एकटेच, हा संकेत शिपायांपासून प्रिन्सिपलपर्यंत सर्वांना ठाऊक होता. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचे घर. घराणे मराठी, तंजावूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनी दोन वेळा सांगितले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा होता.

मी त्यापूर्वी पुण्याच्या एका दैनिकात होते. आधी मुद्रितशोधक, नंतर उपसंपादक. नवऱ्याची बदली झाली म्हणून तंजावूरला आले, आणि महाविद्यालयाने मला इंग्रजीत माहितीपुस्तिका व बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यासाठी घेतले. पहिल्या दिवशी केंद्राच्या दारातच त्यांनी मला थांबवले.

“चप्पल बाहेर. पुण्याहून आलांत की?”

“हो.”

“पुण्याच्या लोकांस आमची मराठी कळत नाही.”

“कळतेय की.”

“कळतेय म्हणूनु सांगणं वेगळं. चार दिवस जाऊंदे.”

चार दिवसांनी मी कबूल केले की निम्मेच कळते. ते खूष झाले. ‘सगळं’ला ते ‘अस्कं’ म्हणत, ‘हवं’ला ‘होणा’, आणि वाक्याच्या शेवटी सूर तमिळसारखा वर नेत. भांडी, भाज्या आणि कपडे सगळे तमिळ. नाती आणि राग मराठी. माझ्या बोलण्याला ते ‘तुमची पेपरांतली मराठी’ म्हणत. “तुम्ही बोलतां ते छापील ऐकू येते बाई. अस्क्या वाक्यांस मार्जिन अहे.”

यंत्रांच्या खोलीत ते अनवाणी वावरत. खोली थंड होती म्हणून गळ्याला हिरवा मफलर, बारा महिने. वातानुकूलन यंत्रातून पाणी गळे. त्याविषयी त्यांनी देखभाल विभागाला तीन पत्रे लिहिली होती. दुरुस्ती झाली नाही, तेव्हा त्यांनी पहाऱ्याच्या संगणकावर एक काळी छत्री उघडून लोखंडी चौकटीला सुतळीने बांधली. पाहणीला आलेल्या एका समितीने छत्री काढायला सांगितली. त्यांनी पत्रांच्या तीन प्रती समितीपुढे ठेवल्या. छत्री राहिली.

तो संगणक कशासाठी, हे त्यांनी मला असे समजावले. गावातल्या जुन्या घरांना पुढे ओटा असतो, त्याला तिथे तिण्णै म्हणतात. घरातला म्हातारा दिवसभर त्यावर बसून रस्ता बघतो. “ही पेटी म्हणजे तिण्णैवरचा म्हातारा. उठायचं नाही, कोणास धरायचं नाही. पाहायचं आणि ओरडायचं. धरणारे आंत वेगळे अहेत.” महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वीच इंटरनेटची चोवीस तास चालणारी लाइन घेतली होती. बाहेरून येणारे आणि आतून जाणारे सगळे त्या म्हाताऱ्यासमोरून जाई. कोणाला बघून ओरडायचे, याची यादी म्हणजे नियम. प्रत्येक नियमात तीन गोष्टी: कुठून, कुठे, आणि काय दिसले तर. कुठून आणि कुठे यांच्या मध्ये एक बाण.

घुसखोरांना ते चोर म्हणत नसत. विरुंदाळी म्हणत, तमिळमध्ये त्याचा अर्थ पाहुणे. “काल अडीचशे विरुंदाळी आले. अस्के दारावरूनच गेले.”

जगात कुठे चोरीची नवी रीत निघाली की त्या विषयातली माणसे नवा नियम लिहीत आणि ई-मेलच्या एका टपाल-यादीवर पाठवत. सार ते नियम दर सोमवारी उतरवून घेत, रुंद कागदावर छापत आणि लगेच यंत्रात घालत नसत. आधी वाचणी होई. त्यांची नेमणूक झाल्यापासून ही वाचणी ते एकटे भिंतीकडे तोंड करून करत. मी आल्यावर भिंतीच्या जागी मला बसवले. मुद्रितशोधनात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा खिळ्यांच्या मुद्रितावर पेन्सिल ठेवतो, हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बघा. पुण्यांतही शहाणी माणसं अहेत.”

वाचणीचा नियम एकच होता. यंत्राची ओळ वाचून झाली की ती कशाला बघून ओरडणार, हे बोलीत एका वाक्यात सांगायचे. सांगता आले नाही तर तो नियम लावायचा नाही. एकदा एक ओळ त्यांना सांगता येईना. तीन वेळा वाचली, मफलर काढून ठेवला, परत वाचली. मग ती लिहिणाऱ्या परदेशी माणसाला पत्र पाठवले: आपला नियम काय पाहतो हे आपल्या आईला कसे सांगाल, ते कळवावे. तीन दिवसांनी उत्तर आले. त्या माणसाने खरोखर आईला सांगितल्यासारखे चार ओळींत लिहिले होते आणि खाली, आपल्याच नियमात एक चूक सापडल्याबद्दल आभार मानले होते. ते पत्र त्यांनी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवले. बाईंचे मत त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितले: “म्हणाली, तो मुलगा बरा अहे, लग्न झालं की नाही विचारा.”

मोठ्याने वाचण्याला आणखी एक कारण होते. आमची भाषा एक, लिपी एक नव्हती. त्यांना देवनागरी येत नसे. मराठी ते तमिळ अक्षरांत लिहीत. मला तमिळ अक्षरे येत नव्हती. त्यांचे लिहिलेले मला आणि माझे लिहिलेले त्यांना फक्त ऐकूनच कळे. लावलेल्या प्रत्येक नियमासाठी ते एक चिठ्ठी लिहीत आणि कॉफीपुडीच्या रिकाम्या डब्यात ठेवत. चिठ्ठीवर चार ओळी: नियम काय पाहतो, कोणी सांगितला, कधी लावला, आणि चौथी, चुकून ओरडला तर त्रास कोणास. ही चौथी ओळ टपाल-यादीवर कोणी लिहीत नसे. ती सारांची स्वतःची होती. तिथे ‘ग्रंथालयास’, ‘हॉस्टेलच्या पोरांस’, ‘मलाच’ असे काही ना काही असे.

एकदा चेन्नईहून एक विक्रेता तयार पेटी घेऊन आला. निळे दिवे, आणि नियम तिच्यात आपोआप येत.

“तुम्हाला काही बघायलाच नको, सार,” तो म्हणाला.

“माझ्या घरांत कोण शिरला ते मला बघायला नको म्हणतां?”

“तसं नाही सार. सगळं ऑटोमॅटिक.”

“कॉफी घेतां?” सारांनी विचारले. कॉफी पाजली, आणि त्याला बसस्टँडपर्यंत पोचवायला स्वतः गेले.

आता त्या बाणाविषयी. मल्लिकांवर वाजलेला नियम टपाल-यादीवरून आला तेव्हा त्यातला बाण एकाच दिशेचा होता, बाहेरून आत. त्या नियमाचे काम असे: काही घुसखोर दुसऱ्याच्या यंत्रात शिरताना आपला खरा हुकूम नेमका कुठे पडेल हे सांगू शकत नाहीत. म्हणून ते त्याच्या आधी एकच निरुपद्रवी हुकूम शेकडो वेळा पसरून ठेवतात. तो हुकूम म्हणजे ‘काही करू नकोस’. यंत्र त्या लांबलचक पट्टीवर कुठेही उतरले तरी काही न करता पुढे घसरत जाते आणि शेवटच्या हुकुमावर येऊन पडते. यंत्राच्या स्वतःच्या मोजणीत या हुकुमाचा आकडा नव्वद. एकापुढे एक खूप नव्वद दिसले की ओरडायचे, हा नियम.

सारांनी तो वाचणीत एका वाक्यात सांगितला. मग पेन्सिल घेऊन बाणाला दुसरे टोक काढले.

“असं का?” मी विचारले.

“ओरत्तनाडूच्या अन्नछत्रांत माझे पणजोबा लेखक होते. आला माणूस लिहायचे, गेला माणूसही लिहायचे. नुसते आलेले लिहूनु काय होते? आमच्यांतलाच एखादा बाहेर जाऊनु दुसऱ्याच्या घरांत शिरला तर?”

मला ते पटले. वाचणीत मी पेन्सिल ठेवून होते आणि मी आक्षेप घेतला नाही, हे इथे नोंदवते. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मला वाचून दाखवली. चौथी ओळ: ‘कोणास नाही.’

हे फेब्रुवारीत झाले. मार्चमध्ये अंतर्गत परीक्षेची एक प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याची बोलवा उठली. त्यानंतर आठवड्याने म्हातारा ओरडला, आणि तोही परीक्षा विभागाकडे बघून.

महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य माणसाला तिथे करस्पॉन्डंट म्हणतात. ते त्या दुपारी प्रथमच केंद्रात आले. बूट बाहेर काढले. छत्रीकडे पाहिले.

“चोर पकडलात, सार.”

“पेटी ओरडली, सार. चोर की मांजर ते बघायचंय अजून.”

“मांजर प्रश्नपत्रिका नेत नाही,” करस्पॉन्डंट म्हणाले. सोमवारी अकरा वाजता समिती बसेल, त्या बाईंना काढण्याचा ठराव होईल आणि पोलिसांत तक्रार द्यायची की नाही तेही ठरेल, असे त्यांनी सांगितले. दुसरा पहारेकरी संगणक मंजूर. सारांची मुदतवाढ या वेळी एकदम दोन वर्षांची. हे सगळे तमिळमध्ये, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत झाले. सार चार वर्षे तो दुसरा संगणक मागत होते.

मल्लिकांना मी फक्त पाहून ओळखत होते. पंचेचाळिशीच्या, बोलायला कमी, डबा खाऊन झाला की लगेच जागेवर परतणाऱ्या. काय पाठवलेत, असे प्रिन्सिपलनी विचारले तेव्हा त्या गप्प राहिल्या होत्या. ते गप्प राहणे त्यांच्याविरुद्ध गेले.

सारांनी इशाऱ्यांसोबत यंत्राने ठेवलेले तुकडे छापायला लावले. जे काही त्या संगणकातून बाहेर गेले त्यातले सात तुकडे, आकड्यांत. बुधवारी सकाळी आम्ही वाचणीला बसलो.

“नव्वद. नव्वद. नव्वद. नव्वद.”

मी प्रत्येक आकड्यावर टिंब देत होते. वीस मिनिटांनी मी म्हणाले, “सार, सगळे नव्वदच आहेत. दिसतंय.”

“दिसते त्यांत फसतो माणूस. वाचा म्हणालं की वाचायचं. नव्वद. नव्वद.”

गुरुवारी त्यांचा घसा बसला. जिऱ्याचे गरम पाणी पीत त्यांनी वाचणे चालू ठेवले. मध्येच इतर आकडे येत, थोडे, आणि परत नव्वद. दुपारी जेवणाच्या थोडे आधी ते थांबले. डोळे मिटले. उजव्या हाताने मांडीवर ताल धरला आणि मागची अर्धी पट्टी पुन्हा म्हटली. या वेळी आकडे म्हटले नाहीत. नव्वदांच्या जागी गुणगुणले आणि इतर आकड्यांवर टाळी दिली.

“बाई, ऐकलां?”

“काय?”

“हा परत परत येतो. तेवढ्याच अंतरावर येतो. आधी एक टाळी, मग तीन, मग पाच. विरुंदाळी असं बोलत नाही. त्यास घाई असते. अस्के नव्वद संपले की तो हुकूम देतो. इथं हुकूमच नाही. इथं नुसतं…” त्यांना शब्द सापडेना. “लिहा. दर शहाण्णवांनी फेरा पुरा होतो, एका ओळींत शहाण्णव घ्या. मग खाली दुसरी ओळ.”

वर्तमानपत्रात रकान्याच्या रुंदीत मजकूर बसवणे हे माझे रोजचे काम होते. मी आलेखाचा कागद घेतला, एका ओळीत शहाण्णव घरे मोजली, नव्वदाला घर रिकामे ठेवले आणि इतर आकड्यांना पेन्सिलीने काळे केले. आठव्या-नवव्या ओळीला ते दिसू लागले. त्रिकोण. टोक वर, पाया खाली, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. रेशमी साड्यांच्या काठाला देवळाच्या शिखरांची रांग असते, ती.

सारांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“अय्यो,” ते म्हणाले. “काठ अहे.”

शनिवारी सकाळी आम्ही टाउन बसने करंदैला मल्लिकांच्या घरी गेलो. दार उघडून त्यांनी आधी आमच्या मागे पाहिले, पोलीस आहेत का म्हणून. मग आत घेतले. सार जमिनीवर बसले. कॉफी आली. संभाषण तमिळमध्ये झाले. मला तेव्हा कळत होते तेवढे, आणि नंतर सारांनी मला पुन्हा सांगितले तसे देते.

“सार, मी प्रश्नपत्रिका—”

“थांबा अम्मा. काय पाठवलंत ते मला सांगू नका. सांगितलंत तर सोमवारी विचारल्यावर मला सांगावं लागेल. मला एकच सांगा. चित्र काढताना मागे रंग कुठला भरता?”

मल्लिकांच्या कामाच्या अटींमध्ये दुसरे कुठलेही काम, साड्यांचे काठ काढून देणेसुद्धा, करण्यास मनाई होती. ते सांगितले तरी नोकरी जाणार आणि न सांगितले तरी जाणार, हे त्या चार दिवसांत त्यांना पुरते कळलेले होते.

“राखाडी,” त्या म्हणाल्या.

“कुठली? गडद? फिकट?”

“मधली. पांढऱ्यावर डोळे दुखतात सार, आणि जरीचा रंग नीट—” त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“मला अलीकडे कमी ऐकू येतं,” सार म्हणाले. “आठवडाभर वाचून वाचून कान बसले. मधली राखाडी. मेलने पाठवता?”

“नाही. इंटरनेटवर एक फुकटची जागा मिळते, तिथे थेट चढवते. माझ्या भा… तिकडच्या माणसाला ब्राउझिंग सेंटरमध्ये ते लवकर उघडतं.”

“बरं. कॉफी छान अहे,” शेवटचे वाक्य ते विसरून मराठीत बोलले. मल्लिकांना ते कळले नसावे. त्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

निघताना त्यांनी दारात विचारले, “सार, माझी नोकरी राहील का?”

“ते मला माहीत नाही अम्मा. चूक कोणाची ते मात्र माहीत आहे. ते सांगेन.”

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. यंत्राची राखाडी आणि घुसखोराचा ‘काही करू नकोस’ यांचा आकडा एकच, नव्वद, हे त्यांनी मला पुन्हा एकदा एका वाक्यात सांगून पाहिले. सांगता येत होते. बाण एकाच दिशेचा राहिला असता तर मल्लिकांचे चित्र म्हाताऱ्याला दिसलेही नसते.

“यंत्राचा दोष म्हणून सांगितलं तर?” मी म्हणाले. “खोटं नाही ते. तुमची मुदतवाढही राहील, त्यांची नोकरीही.”

“तुमच्या पेपरांत छापतात असं? यंत्राचा दोष म्हणूनु?”

“छापतात. रोज.”

“खाली सही कोणाची असते?”

“कोणाचीच नसते.”

“हं,” ते म्हणाले. उतरायच्या आधी म्हणाले, “छत्रांत जेवूनु गेलेल्या माणसास पणजोबांनी चोर म्हणूनु लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पणजोबांस कोणी पान वाढलं असतं की? मीच विचारतों, मीच सांगतों. वाढू नये.”

सोमवारी अकरा वाजता प्रिन्सिपलच्या खोलीत समिती बसली. करस्पॉन्डंट, प्रिन्सिपल, दोन प्राध्यापक, सार, आणि इतिवृत्त लिहायला मी. मल्लिका बाहेर बाकावर. सारांनी मफलर बांधलेला नव्हता.

“बोलण्याआधी एक दाखवतो,” ते म्हणाले. “प्रिन्सिपल सार, तुमच्या संगणकावर चित्र काढायचा प्रोग्राम उघडा.”

“मला चित्र कुठे काढता येतं?”

“काढायचं नाही. भरायचं. हा आकडा घाला, हा रंग येईल. आता सगळ्या कागदावर ओता.”

प्रिन्सिपलनी ओतला. पडद्यावर राखाडी चौकोन, दुसरे काही नाही. सारांनी तो कुठे चढवायचा ते दाखवले. प्रिन्सिपलनी कळ दाबली. अर्ध्या मिनिटाने टेबलावरचा फोन वाजला. केंद्रातले तंत्रज्ञ इतक्या मोठ्याने बोलत होते की सगळ्यांना ऐकू आले.

“सार! परत आलाय! या वेळी प्रिन्सिपलच्या खोलीतून! वीस इशारे झाले, अजून चालूच आहेत!”

“मी?” प्रिन्सिपल म्हणाले.

एक प्राध्यापक हसले आणि खोकल्याचे निमित्त करून थांबले. करस्पॉन्डंट हसले नाहीत.

“म्हणजे तुमची पेटी चुकीची आहे.”

“पेटी बरोबर आहे, सार. नियमही बरोबर आहे. नियमातला बाण एका दिशेचा होता, मी तो दोन दिशांचा केला. कोणी सांगितलं नव्हतं. लावण्याआधी आपल्याच लोकांच्या कामावर तपासून बघायला पाहिजे होता, मी तपासला नाही. चूक माझी आहे.”

“मग त्या बाईंनी पाठवलं काय?”

“पेटीच्या नोंदीत राखाडी रंग आहे. प्रश्नपत्रिकेचं एक अक्षरसुद्धा नाही. सातही तुकडे मी आणि या बाईंनी आकडा आकडा वाचले आहेत. तीन दिवस.”

“ते चित्र कसलं होतं?”

“चित्र कसलं, ते पेटीनं मला सांगितलेलं नाही.”

करस्पॉन्डंटांनी माझ्याकडे पाहिले. मी इतिवृत्तात लिहिले: ‘यंत्रातील नोंदींमध्ये प्रश्नपत्रिकेचा कोणताही भाग आढळला नाही. नियमातील बदल केंद्रप्रमुखांनी स्वतःच्या जबाबदारीवर केला होता. तो त्यांनी मान्य केला.’ वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा वाचून दाखवले. आलेखाचा कागद माझ्या पिशवीत होता. तो कोणी मागितला नाही.

मल्लिकांना दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगण्यात आले. प्रश्नपत्रिका कशी फुटली, हे पुढेही कळले नाही.

त्या दुपारी सारांनी बाणाचे दुसरे टोक काढून टाकले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि डब्यातून त्या नियमाची चिठ्ठी शोधली. रीतीप्रमाणे मी समोर बसले. त्यांनी तीन ओळी वाचल्या. चौथीवर ‘कोणास नाही’ खोडले, काहीतरी लिहिले, आणि वाचायचे सोडून चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

“मला वाचता येत नाही सार.”

“वर्ष झालं इथं येऊनु. बसच्या पाट्या वाचतां की नाही? वाचा.”

मी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. चार अक्षरांना मला बराच वेळ लागला. त्यांनी मध्ये सांगितले नाही, घाई केली नाही. तिथे मल्लिकांचे नाव होते.

“बरोबर,” ते म्हणाले, आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

दुसरा संगणक आला नाही. सारांची मुदत मेअखेर संपली. ती वाढवण्यात आली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या आठवड्याचे नियम नेहमीप्रमाणे वाचले, लावले, चिठ्ठ्या लिहिल्या, आणि चपला घालून साडेपाचच्या बसने घरी गेले. जूनमध्ये चेन्नईची निळ्या दिव्यांची पेटी बसली. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि आम्ही तंजावूर सोडले. निघायच्या आदल्या दिवशी मी राजवाड्यामागच्या त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी मला दहीभात वाढला, माझी मराठी अजून छापीलच आहे म्हणाले आणि बायकोला हाक मारून सांगितले की या बाईंस आता आमची अक्षरं येतात.

सारांचे निधन झाल्याचे मला मल्लिकांच्या पत्रातून कळले. पत्र तमिळमध्ये होते. मल्लिका त्याच परीक्षा विभागात पुढे अधीक्षक झाल्या आणि वयोमर्यादेपर्यंत काम करून तिथूनच निवृत्त झाल्या.